बैठकीत सगळे ‘हो’ म्हणतात, मग काम का हलत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दहा जणांच्या टीमची प्रमुख होऊन तुम्हाला वर्ष झालं. बैठकीत सगळे माना डोलावतात आणि दोन आठवड्यांनी बघावं तर काम जिथल्या तिथं. शेजारच्या विभागाशी मासिक रिपोर्टच्या तारखेवरून दर महिन्याला तीच रस्सीखेच. वरिष्ठांकडे एक माणूस वाढवून मागितला की उत्तर ठरलेलं, ‘बघू’. आणि शेवटी, ‘माझा स्वभाव भांडखोर नाही, वाटाघाटीचा एखादा कोर्स केला तर फरक पडेल का?’

कोर्स करायला माझी हरकत नाही. (‘हरकत नाही’ या दोन शब्दांवर पुढे येतोच.) पण तुमचे तिन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवले तर मला त्यात एकच गोष्ट दिसते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मनात ‘नाही’ म्हणतंय आणि तोंडाने वेगळंच काही बोलतंय. टीम ‘हो’ म्हणते, वरिष्ठ ‘बघू’ म्हणतात, शेजारचा विभाग नुसती तारीख पुढे करतो. म्हणजे तुमची अडचण लोकांकडून ‘हो’ मिळवण्याची नाहीच. तो तर ढिगाने मिळतोय. अडचण अशी की तुमच्यासमोर ‘नाही’ म्हणणं लोकांना महाग पडतं, म्हणून ते उधारीवर ‘हो’ देतात आणि ती उधारी नंतर कामातून वसूल होते.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, ठेच लागून शिकलो. पहिल्यांदा प्रकल्पप्रमुख झालो तेव्हा एका नव्या यंत्रणेच्या खरेदीचा विषय होता. बैठकीत हिशेब विभागाचे प्रमुख म्हणाले, ‘माझी काही हरकत नाही.’ मी इतिवृत्तात लिहिलं, ‘हिशेब विभागाची मंजुरी मिळाली’, आणि कामाला लागलो. तीन महिन्यांनी पुरवठादाराचं बिल त्यांच्या टेबलावर गेलं आणि तिथेच बसलं. मी तणतणत गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘हरकत नाही म्हणालो होतो. पैसे देतो असं कुठे म्हणालो? या वर्षीच्या बजेटमध्ये ही रक्कम नाही, हे मला कुणी विचारलंच नाही.’ त्या दिवशी मला ते अडेलतट्टू वाटले. आज वाटतं, चूक सरळसरळ माझी होती. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं आणि घाईघाईने कागदावर उतरवून मोकळा झालो, कारण आणखी एक प्रश्न विचारला असता तर कदाचित नकार आला असता. नकाराची भीती त्यांना नव्हती, मला होती.

तेव्हापासून ‘हो’ ऐकला की तो कुठल्या जातीचा आहे हे मी आधी बघतो. एक ‘हो’ म्हणजे नुसतं ‘ऐकलं’. एक ‘हो’ म्हणजे ‘आत्ता वाद नको, पुढचं पुढे’. आणि एक ‘हो’ म्हणजे ‘हे मी करतो’. ऐकायला तिन्ही सारखेच. ओळखायची एक सोपी खूण आहे: असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर फक्त तिसऱ्या जातीचा ‘हो’ म्हणणाऱ्यालाच देता येईल. ‘सुरुवात कशाने कराल?’ किंवा त्याहून नेमका, ‘हे करायचं तर तुमच्या हातातलं कुठलं काम बाजूला ठेवावं लागेल?’ ज्याने खरंच विचार केलाय तो दहा सेकंदांत सांगतो, ‘अमुक काम आठवडाभर थांबेल.’ ज्याने केला नाही तो म्हणतो, ‘नाही नाही, ते मॅनेज करू.’ ‘मॅनेज करू’ ऐकू आलं की मी पेन खाली ठेवतो. ते काम होणार नाही असं समजूनच पुढचं बोलतो.

आता तुमची बैठक. तिथे सगळे माना डोलावतात त्याचं कारण तुम्ही आळस किंवा बेफिकिरी धरलंय असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा प्रत्येकाला वाटत असतं की बाकीच्यांना हे पटलेलं आहे, आपल्यालाच शंका आहे, मग कशाला उगाच खोडा घाला. व्यवस्थापनाचे प्राध्यापक जेरी हार्वे यांनी १९७४ साली स्वतःच्या घरातला एक प्रसंग लिहिला होता. टेक्ससमधल्या कोलमन गावात रणरणती दुपार, तापमान १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सियस. सासरे म्हणाले, ५३ मैलांवरच्या अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ. बायको म्हणाली, छान कल्पना. हार्वेंनी मान डोलावली, सासूबाईंनीही. एअर कंडिशनर नसलेल्या गाडीतून धूळ खात गेले, वाईट जेवले, चार तासांनी घामाघूम होऊन परत आले. मग एकेकाने तोंड उघडलं तेव्हा कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा नव्हतं, बाकीचे कंटाळले असतील म्हणून ते बोलून गेले होते. हार्वेंचं म्हणणं असं की संस्थांना मतभेद सांभाळता येत नाहीत ही अर्धीच गोष्ट. खरं म्हणजे त्यांना एकमत सांभाळता येत नाही.

मराठीत याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भीड. घाबरट नसलेला माणूसही भिडेपोटी गप्प बसतो. ‘एवढा पुढाकार घेऊन करतायत, कशाला मोडता घाला’ ही सभ्यता आहे, लबाडी नाही. म्हणून ‘मोकळेपणाने बोला हं’ असं सांगून ती जात नाही. तुम्ही बैठकीच्या शेवटी ‘कुणाला काही शंका?’ विचारत असाल तर ते आजपासून बंद करा. त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: चला, उठू या.

भीड मोडायला गर्दी लागत नाही, एक माणूस पुरतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५०च्या दशकातले रेघांचे प्रयोग तुम्ही कुठे वाचले असतील. दिलेल्या रेघेएवढी रेघ तिघींतून ओळखायची, इतकं सोपं काम. पण बाकी सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की खऱ्या सहभागी माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे जात. लोक या प्रयोगाची एवढीच बाजू सांगतात. मला उपयोगी वाटते ती दुसरी बाजू: गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तर हे वाहवत जाणं एकदम कमी होत असे. म्हणून महत्त्वाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी टीममध्ये सर्वांत जास्त शंका असलेला माणूस शोधतो आणि त्याला सांगतो, ‘तुमचा मुद्दा उद्या सगळ्यांसमोर मांडा. पहिली दहा मिनिटं तुमची.’ तो बोलला की दुसरा बोलतो, मग तिसरा. बैठक लांबते, हे खरं. पण नंतरचे दोन महिने वाचतात.

दुसरी युक्ती प्रश्नाची. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवलं की गट चर्चेला बसला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीवरच गप्पा रंगतात. एखाद्याकडेच असलेली माहिती बहुधा टेबलावर येतच नाही, भले निर्णय तिच्यावरच अवलंबून असो. बैठकांमध्ये बसलेल्या कुणालाही हे सांगायला प्रयोग लागू नये. म्हणून मी ‘तुमचं मत काय?’ असं विचारत नाही. मत विचारलं की लोक वातावरण बघून बोलतात. मी विचारतो, ‘या विषयातलं असं काय तुम्हाला माहीत आहे जे इथं बाकी कुणाला माहीत नसेल?’ एकदा या प्रश्नावर एका अगदी नव्या मुलाने सांगितलं की ज्या पुरवठादाराला आम्ही काम देणार होतो त्याच्याकडचा आमचं काम बघणारा माणूस महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेलाय. खोलीत नऊ जण होते. कुणालाच पत्ता नव्हता, आणि त्याला वाटत होतं की सगळ्यांना माहीत असणारच.

तुम्ही प्रमुख आहात, तर आपलं मत शेवटी सांगा. अंदाज हवा असेल, किती दिवस लागतील, किती खर्च येईल, तर कुणी तोंड उघडण्याआधी प्रत्येकाला कागदावर आकडा लिहायला लावा. कारण पहिला बोललेला आकडा खुंटीसारखा असतो, बाकीचे त्याच्याच भोवती फिरतात. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली छापलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर एक चाक फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के आहेत? १० बघितलेल्यांच्या अंदाजाचा मध्य २५ आला, ६५ बघितलेल्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी ही गत. मग जिन्यात भेटलेल्या साहेबांना ‘साधारण दोन आठवडे लागतील’ असं बोलून गेलात तर काय होईल? दोन मजले चढेपर्यंत ‘साधारण’ गळून पडतं, आणि उरलेले दोन आठवडे तुमच्या नावावर चढतात. जिन्यात आकडा द्यायचाच नाही. ‘उद्या दुपारपर्यंत सांगते’ एवढंच. यात उद्धटपणा काही नाही.

इथे एक थोडी जड गोष्ट सांगतो, कारण ‘नाही’ महाग होणं म्हणजे काय हे मला तिच्यातूनच नीट कळलं. २७ जानेवारी १९८६ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेचं चॅलेंजर यान उडणार होतं आणि रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार होता. यानाचे रॉकेट-बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितलं की ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण १२ सेल्सियसपेक्षा, कमी तापमानात उडवू नका. बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, थंडीत नीट काम करतील याची खात्री देता येत नाही. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवली. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला, फोन बंद करून आपसात बोलले. तिथे वरिष्ठ व्यवस्थापकाने इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं, सातही जण गेले.

या गोष्टीतून बहुतेक जण ‘वरिष्ठांनी ऐकलं पाहिजे’ एवढंच घेतात. मला त्यातली बारीक फिरवाफिरवी महत्त्वाची वाटते. एरवी इंजिनिअरांना विचारलं जायचं, ‘उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवा.’ त्या रात्री त्यांच्यावर उलटं ओझं आलं: ‘सुरक्षित नाही हे सिद्ध करा.’ पुरावा अपुरा असताना या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी निघतात. तुमच्या-माझ्या ऑफिसात कुणाचा जीव जात नाही, पण ही फिरवाफिरवी रोज होते. ‘ही तारीख का जमणार नाही ते सांगा’ असं म्हटलं की नकार देणाऱ्यावर सगळं ओझं पडतं. ‘ही तारीख कशी जमेल ते टप्प्याटप्प्याने सांगा’ म्हटलं की तेच ओझं होकारावर जातं, आणि तिसऱ्या टप्प्यावर घोडं कुठे पेंड खातंय ते आपोआप दिसतं. ‘नाही’ स्वस्त करणं म्हणजे हेच: ओझं कुणाच्या खांद्यावर टाकताय ते बघणं.

रिपोर्टच्या तारखेकडे वळतो. तुम्ही लिहिलंय की त्यांना १ तारखेला हवा असतो आणि तुम्हाला ५ च्या आत देणं शक्य नसतं, मग दर वेळी ३ तारखेवर तडजोड होते आणि दोन्हीकडे नाराजी. ही तडजोड मला फारशी आवडत नाही. त्यात तुमची माणसं रात्री जागतात आणि शेजारच्या विभागाला तरीही उशीरच होतो. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ सालच्या एका व्याख्यानात एक साधा प्रसंग सांगितला होता. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. दोघांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. खिडकी अर्धी उघडी ठेवली असती तर ती तडजोड झाली असती आणि दोघंही कुरकुरत बसले असते. त्या माणसाला हवा होता मोकळा वारा, आणि बाईंना थंड झोत थेट अंगावर नको होता. खिडकीवरून खरं तर भांडण नव्हतंच.

माझ्याकडे हेच एका गोदामाच्या रिपोर्टवरून चाललं होतं, जवळजवळ दीड वर्ष. शेवटी मी समोरच्या प्रमुखांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही काय करता ते मला करून दाखवा. त्यांनी चाळीस पानांची फाईल उघडली, सरळ एकतिसाव्या पानावर गेले, तीन आकडे वहीत उतरवले आणि फाईल बंद केली. ते तीन आकडे आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळीच तयार असायचे. पुढच्या महिन्यापासून तीन ओळींचा मेल १ तारखेला सकाळी, आणि पूर्ण रिपोर्ट ७ तारखेला. दीड वर्षाचं भांडण वीस मिनिटांत मिटलं. आनंदापेक्षा मला लाजच जास्त वाटली.

पण यावरून असं समजू नका की प्रत्येक भांडणात शेजारची रिकामी खोली सापडतेच. वाटाघाटी शिकवणारे काही लोक असं भासवतात, आणि मला ते पटत नाही. दोन टीमना एकच माणूस एकाच आठवड्यात हवा असेल तर तिथे कुणीतरी हरणारच. अशा वेळी ‘तुमचं हित, आमचं हित’ करत तीन बैठका घालवण्यापेक्षा दोघांनी मिळून वर जावं. ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा. एका पानावर दोन्ही बाजू लिहायच्या, तुमची बाजू त्यांनी आणि त्यांची तुम्ही, आणि दोघांनी एकत्र जाऊन साहेबांना सांगायचं, ‘आमचं इथं अडलंय, तुम्ही ठरवा, जे ठरेल ते दोघांना मान्य.’ एकट्याने गेलात की ती तक्रार होते. समोरच्याची बाजू आपल्या हाताने लिहिताना निम्म्या वेळा आपलाच आवाज खाली येतो, हा आणखी एक फायदा.

आता ‘बघू’. साहेबांचा राग येणं साहजिक आहे, पण एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही म्हणताय, ‘काम फार आहे, एक माणूस द्या.’ हो म्हणावं तर पैसे कुठून आणायचे हे त्यांना ठाऊक नाही. नाही म्हणावं तर चांगली टीमप्रमुख दुखावते. मग ‘बघू’ हीच त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त जागा. तुम्ही ‘नाही’ म्हणण्याची वाट खुली केलीत तर ते निर्णय घेतील. म्हणजे असं: ‘सध्या आमच्याकडे आठ कामं आहेत. माणूस मिळाला तर आठही या तिमाहीत होतात. नाही मिळाला तर सहा होतात, आणि सातवं-आठवं पुढच्या तिमाहीत जातं. माझ्या मते ही दोन मागे ठेवता येतील. तुम्हाला दुसरी कुठली मागे ठेवायची असतील तर सांगा.’ आता ‘बघू’ म्हणायला जागाच उरत नाही. बहुतेक वेळा साहेब म्हणतात, ‘माणूस जमणार नाही, पण आठव्याऐवजी पाचवं मागे ठेवा.’ तुम्हाला माणूस मिळाला नाही, पण दोन कामं न करण्याची परवानगी मिळाली. मी तर म्हणेन की नवा माणूस येऊन शिकायला चार महिने घेतो, त्यापेक्षा हे बरं.

वाटाघाटींवर लिहिणाऱ्या रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली मांडलेली एक कल्पना तुमच्या कोर्समध्ये नक्की येईल: बोलणी फिसकटली तर आपल्याकडे दुसरा सर्वांत चांगला पर्याय कोणता, हे आधी ठरवून ठेवा. बाहेरच्या खरेदी-विक्रीत हे उत्तम चालतं. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं. ऑफिसात पंचाईत अशी की समोरच्याला सोडून जाता येत नाही. उद्या सकाळी त्याच माणसाशेजारी बसायचं असतं. म्हणून इथे तुमचा पर्याय धमकीसारखा मांडू नका. तो साहेबांच्या सहीने मंजूर करून घ्या. ‘माणूस दिला नाहीत तर दोन कामं अडतील’ आणि ‘माणूस नसेल तर ही दोन मागे ठेवू का?’ यात माहिती एकच आहे. पहिल्यात बोट रोखलेलं आहे.

पगारवाढीबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंत. तिथेही हेच, फक्त एक जोड: वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत विचारू नका, तोवर आकडे ठरून गेलेले असतात. तीन-चार महिने आधी विचारा की पुढच्या वेळी इतकी वाढ हवी असेल तर तोवर माझ्या कामात काय दिसायला हवं. बाकी लांबण लावण्यासारखं त्यात काही नाही.

एक मुद्दा शब्दांचा. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती. त्यांतलं एक असं की एका विमानातून ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचं वाक्य आलं. विमान धावायला लागलं होतं. कंट्रोल टॉवरला वाटलं, ते टेकऑफच्या जागेवर थांबलेलं आहे. त्यानंतर रेडिओवरच्या बोलण्याचे नियम कडक झाले: ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी दुसरा शब्द. मी हे माझ्या टीमसाठी चोरलं. आमच्याकडे ‘ठरलं’ हा शब्द राखीव आहे. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय घडलं तर पुन्हा विचार करायचा, या चार गोष्टी लिहून झाल्याशिवाय तो कुणी उच्चारायचा नाही. तोवर ‘चर्चा चालू आहे’. सुरुवातीला सगळ्यांनी थट्टा केली. आता नवीन आलेला माणूस ‘मग ठरलं ना?’ म्हणाला की तिघं-चौघं एकदम ‘नाही!’ म्हणून ओरडतात.

त्या चारांपैकी चौथी गोष्ट लोक गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. ‘महिन्याभरात तक्रारी वाढल्या तर जुन्या पद्धतीवर परत जायचं’ हे आधीच लिहिलेलं असेल तर महिन्याने परत जाणाऱ्याला नाक कापल्यासारखं वाटत नाही. ज्या निर्णयावरून माघारी फिरता येतं त्यावर दोन तास घालवू नका, करून बघा. ज्यावरून फिरता येत नाही, कुणाला कामावरून काढणं, तीन वर्षांचा करार करणं, त्यावर एक रात्र जाऊ द्या, भले सगळे एकमताने हो म्हणत असोत. सगळे एकमताने हो म्हणत असतील तर दोन रात्री.

हे सगळं करूनही एक गोष्ट बिघडली तर बाकी सगळं वाया जातं: पहिला खरा ‘नाही’ येईल तेव्हा तुमचा चेहरा कसा असेल. मी एकदा हे घालवलेलं आहे. एका मुलीने बैठकीत सांगितलं की ही तारीख पाळता येणार नाही. मी वैतागलेला होतो, म्हटलं, ‘नकारात्मक बोलू नका, मार्ग सांगा.’ ऐकायला किती छान वाक्य! त्यानंतर आठ महिने मला एकही वाईट बातमी वेळेवर मिळाली नाही. प्रत्येक अडचण आदल्या दिवशी संध्याकाळी कळायची. १९९०च्या दशकात संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. त्यांना दिसलं की चांगल्या टीममध्ये औषधं देण्यातल्या चुकांची नोंद जास्त आहे. उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त होत असतील असं नाही. चुका झाल्या की लोक त्या बोलून दाखवत होते. माझ्या टीममध्ये त्या आठ महिन्यांत ‘अडचण शून्य’ होती. मी ती बढाईने वर सांगतही होतो.

म्हणून पहिला ‘नाही’ आला की एकच करा: ‘बरं झालं आत्ता सांगितलंत’ म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा. पटलं नाही तरी चालेल. शेवटी तुमचाच निर्णय ठेवलात तरी चालेल, फक्त त्या माणसाला नंतर बाजूला घेऊन सांगा की त्याचा मुद्दा का मागे पडला. ते पाच मिनिटांचं काम आहे.

आणि स्वतःचेही ‘हो’ तपासा. भांडखोर नसलेली माणसं, तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय म्हणून म्हणतो, दुसऱ्याच्या खोट्या होकारावर चिडतात आणि स्वतः दिवसातून चार खोटे होकार देतात. शेजारच्या विभागाला ३ तारखेचा शब्द देताना तुम्हाला माहीत होतं ना की तो पाळला जाणार नाही? तिथे ‘नरो वा कुंजरो वा’ करण्यापेक्षा पहिल्याच फोनवर ‘नाही, ३ ला होणार नाही, १ ला तीन आकडे देऊ शकते’ म्हणालात तर त्यात भांडण कुठे आलं?

तर सुरुवात साहेबांपासून करा, टीमपासून नको. त्यांना आधीच कल्पना द्या की पुढचे दीड-दोन महिने माझ्या टीमकडून ‘हे होणार नाही’, ‘ही तारीख चुकीची आहे’ असं जास्त ऐकू येईल. नाहीतर होतं काय, तुमची माणसं पहिल्यांदाच खरं बोलायला लागतात आणि नेमकं तेव्हाच वरून विचारणा येते, ‘तुमची टीम हल्ली फार कुरकुर करते, काय झालंय?’